पाठीवरची माती

"मग चुकलं कुणाचं, वस्ताद?"

सर्जेराव मगदुमांनी विचारलं आणि कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कठड्याशी ते उभेच राहिले. बसा म्हणायची पद्धत आमच्या तालमीत नाही. ज्याला बसायचंय तो बसतो.

तातोबा वस्ताद मातीवर ताक शिंपडत होते. मोतीबिंदूनं डोळे पांढरे झालेत, पण मातीला कुठं ओल कमी आहे ते त्यांच्या तळपायाला कळतं.

आठवड्यातून एक दिवस आमच्याकडं जोर-बैठका बंद असतात. त्या दिवशी माती खणायची, ताक-हळद-तेल घालून भिजवायची आणि तिला पडू द्यायचं. तालमीत पोरं नव्हती. नदीवरचं धुकं दारातून आत आलं होतं आणि बाहेर जायचं नाव घेत नव्हतं. कापराचा वास, ताकाचा वास... अशा वेळी गुंगी चढते. मी खोऱ्यानं माती ओढत होतो आणि खरं सांगतो, अर्धा झोपेतच होतो. पुढं जे झालं ते मी बघितलं की मला पडलं, असं कुणी विचारलं तर मी भांडत बसणार नाही. बघितलं, असं मी म्हणतो. पटलं तर घ्या.

मगदूम सर म्हणजे तालुक्याच्या हायस्कूलचे कुस्तीचे सर. याच मातीतला गडी. वस्तादांनीच घडवला. हायस्कूलला गेल्यावर त्यांनी तिथं रिकाम्या गुदामात मॅट टाकली, पोरं जमवली, आणि जिल्ह्याची फिरती ढाल त्यांच्या शाळेत आली ती पुन्हा फिरायचं विसरूनच गेली. आता अंगात निळा ट्रॅकसूट. पाठीवर सोनेरी अक्षरांत शाळेचं नाव, ह्या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. धुक्यातसुद्धा चमकत होतं.

"वस्ताद, मी काय विचारलं?"

"ऐकलं की."

"मग?"

"कुस्ती सांग आदी. चूक मागनं बगू."

सर्जेरावांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी खोऱ्याकडं बघितलं. आपल्याला काय करायचंय. पण कान काय झाकता येतात?

"जोतिराम जिंकला," सर म्हणाले. "फायनलला. चितपट केली. ढाल आमचीच राहिली."

जोतिराम म्हणजे आमच्या गवळी आळीतलं पोर. कुस्ती इथं शिकलं, शिकायला हायस्कूलला गेलं, म्हणून शाळेकडून खेळत होतं. गरीब स्वभावाचं. म्हशीच्या मागं जाताना तिच्याशी गप्पा मारत जाणारं.

"ब्येस," वस्ताद म्हणाले.

"जिंकल्यावर त्यानं त्या दुसऱ्या पोराला हात देऊन उठवला."

"ब्येस."

"आणि मग त्याची पाठ पुसायला लागला."

वस्तादांचा ताक शिंपडणारा हात थांबला.

"मॅटवर कसली माती, वस्ताद? पाठ कोरी त्या पोराची. आणि हा आपला दोन्ही हातांनी पुसतोय. खांदे पुसले, कंबर पुसली... अख्खा मांडव हसला. कुणीतरी शिट्टी मारली."

इथं एक सांगायला पाहिजे. आमच्या तालमीत रीत आहे. कुस्ती झाली की जिंकणाऱ्यानं पडलेल्याला हात देऊन उठवायचं आणि त्याच्या पाठीची माती आपल्या हातानं पुसायची. पडलेला गडी पाठ करून उभा राहतो. कुणी काही बोलत नाही. पाठ पुसून झाल्याशिवाय दोघांतला एकही हौद्याबाहेर पाय टाकत नाही. एखादं नवं पोरगं विचारतं, असं का हो वस्ताद? तर वस्ताद म्हणतात, "तुजा हात तुज्या पाठीला पोचतो का बग." पोरगं वाकडंतिकडं होऊन बघतं. नाही पोचत. झालं, तेवढाच धडा.

म्हणजे जोतिरामनं मॅटवर तेच केलं जे त्याचे हात लहानपणापासून करत आले होते.

"मग?" वस्तादांनी विचारलं.

"त्यांचे कोच पहिल्या कुस्तीपासून माझ्याशी वाद घालत होते. पंचांवर ओरडत होते. मीही ओरडलो, नाही असं नाही. डोकं तापलं होतं माझं. आणि आमचाच गडी त्यांच्या पोराची पाठ पुसत उभा, लोक हसतायत... शाळेच्या नावाची शोभा झाली, वस्ताद."

"मग?"

"मी मॅटवर गेलो. त्याला ओढला."

"आन्?"

बाहेर कुठंतरी दुधाच्या किटल्या वाजल्या. धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही.

"एक लगावली," सर म्हणाले.

"कुठं?"

"गालावर."

"तसं न्हवं. कुनाफुडं?"

"...सगळ्यांपुढं."

वस्तादांनी तांब्या कठड्यावर ठेवला. ठेवताना आवाज झाला नाही.

"त्यांच्या कोचनं शेवटी हात पुढं केला होता," सर्जेराव आपणहून म्हणाले. एकदा सुरुवात झाली की माणूस थांबत नाही. "झालं गेलं विसरा म्हणाले. मी हात घेतला नाही. आमच्या पोरांनाही घेऊ दिला नाही."

"आन् जोत्या?"

"त्यानं अंगातली शाळेची जर्सी काढून आपला शर्ट चढवला. मग जर्सीची घडी केली आणि माझ्या हातात दिली. दुसऱ्या हातात माझ्या ढाल होती. दोन्ही हात भरलेले. त्याला धरणार कशानं? तो चालत गेला. तेव्हापासून शाळेच्या कुस्तीला आलेला नाही."

"हितंबी न्हाई आला," वस्ताद म्हणाले. "गोठ्यात असतोय."

"बाकीची पोरं येतात. जोर मारतात, सांगेन ते करतात. पण माझ्याकडं बघत नाहीत. पूर्वी मी आत आलो की गलका व्हायचा. आता मॅटवर पाय घासल्याचा आवाज तेवढा येतो."

वस्ताद खाली मातीत बसले. मांडी घालून, झोपाळल्यागत. मला वाटलं डोळा लागला. सरांनाही तसंच वाटलं असणार, कारण ते हळू आवाजात बोलायला लागले.

"मी ती शाळा उभी केली, वस्ताद. कुणी विचारत नव्हतं त्या शाळेला. आज नाव घेतलं की समोरचा संघ अर्धा खचतो. ते असंच नाही झालं. शिस्त लावली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलंय मी, 'इथे हरणाऱ्याला जागा नाही.'"

"आसं लिवलंयस?"

"हो."

"मग हरल्याली पोरं बसत्यात कुठं?"

सर हसले नाहीत. मला हसू आलं, मी खाली मान घालून खोकलो.

"वस्ताद, एकच मागणं आहे," सर म्हणाले. "तुम्ही जोतिरामला निरोप धाडा. तुमचा शब्द तो मोडणार नाही. मला तो परत पाहिजे."

"ढालीसाठनं?"

सरांनी ट्रॅकसूटची चेन उगाच खालीवर केली.

"इचारतोय म्या."

"घरून निघालो तेव्हा ढालीसाठीच निघालो होतो," सर्जेराव म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला. "वाटेत नदी लागली. धुक्यातनं गाडी हळू चालवत होतो. एकदम त्याचा चेहरा आठवला. मारल्यावर तो रडला नाही, वस्ताद. त्याला कळलंच नव्हतं मी का मारलं. त्याला वाटत होतं पाठ पुसायची काहीतरी राहिली. माझ्याकडं बघून तो पुन्हा त्या पोराकडं वळला, राहिलेली पुसायला. तेव्हा मी त्याला ढकलला... हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

आता खोकायचीही माझी हिंमत झाली नाही. असा राग आला होता सरांचा, आणि कीवही आली. दोन्ही एकदम येतं कधीकधी.

धुकं वस्तादांच्या आणि सरांच्या मधनं सरकत होतं. कोनाड्यातल्या मारुतीपुढची वात एकदा मोठी झाली, पुन्हा लहान झाली.

मग वस्ताद उठले आणि म्हणाले,

"ये आत."

"कुठं?"

"मातीत."

"वस्ताद, मी लंगोट नाही आणला."

"खुट्टीवर कुनाचातरी आसंल."

मी खोरं टाकून पुढं झालो. वस्तादांचं वय काय, हाडं काय, आणि समोर हा रेड्यासारखा गडी. पण वस्तादांनी माझ्या दिशेनं नुसता तळहात केला. गप बस, असा. मी बसलो.

सर्जेरावांनी जॅकेट काढून खुंटीला अडकवलं. सोनेरी अक्षरं भिंतीवरनं आमच्याकडं बघायला लागली. लंगोट लावून ते आत आले. आत येताना त्यांनी माती उचलून कपाळाला लावली. तेवढं हाताला आठवत होतं.

वस्तादांनी मूठभर माती घेतली आणि सर्जेरावांच्या खांद्यांवर, दंडांवर चोळली. घामानं पकड सुटू नये म्हणून एकमेकाला माती लावायची असते. सर्जेरावांनीही वस्तादांना माती लावली. वस्तादांच्या खांद्याला आता मांस कुठलं, नुसती चामडी.

दोघांनी मान धरली. डोक्याला डोकं लागलं.

आणि काहीच झालं नाही.

ते तसेच उभे. मातीत चार पाय, धुक्यात दोन पाठी. सर्जेराव जोर लावत नव्हते, वस्ताद लावू शकत नव्हते. दोघं हळूहळू फिरत होते, जत्रेतला पाळणा रिकामा फिरतो तसे. मला वाटलं, किती वेळ झाला... आणि वाटलं, वेळ कुठं झालाय. सर्जेराव मला एकदा लहान दिसले. मिसरूड न फुटलेले, कानात पाणी गेल्यासारखी मान वाकडी करणारे, तसेच जसे पहिल्यांदा आले होते. डोळे चोळले तर पुन्हा मोठे.

डोक्याला डोकं लावूनच वस्ताद बोलले.

"उरसातली कुस्ती आठवती?"

"आठवते."

"पडलास."

"पडलो."

"जिकल्याल्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. मिरवत न्हेलं."

"हो."

"त्यो काय तुजी पाठ पुसाय ऱ्हायला न्हाई."

"नाही."

"मग कुनी पुसली?"

धुकं दाटलं. मला दोघं दिसेनासे झाले, नुसता आवाज ऐकू आला.

"तुम्ही."

"आन् मी बोललो काय तवा?"

"...काहीच नाही."

"हं."

आणि वस्तादांनी अंग सोडलं. सर्जेरावांना सावरता आलं नाही. दोघं खाली आले. वस्ताद उताणे, दोन्ही खांदे मातीला, वर सर्जेराव. चितपट. ह्या हौद्यात वस्तादांची पाठ मी कधी मातीला लागलेली बघितली नव्हती.

"जिकलास," खालनं वस्ताद म्हणाले.

सर्जेराव विंचू चावल्यागत उठले. हात जोडून मागं सरकले. "वस्ताद, मी काही केलं नाही. मी जोरसुद्धा लावला नव्हता."

"जिकलास म्हंतोय न्हवं."

"वस्ताद, माफ करा, मला..."

ते नुसते बोलत राहिले. खाली पडलेल्या म्हाताऱ्याला हात द्यायचा, हे त्यांना सुचेना. मी पुन्हा उठायला लागलो, वस्तादांनी पुन्हा तळहात केला. मग कोपरावर आले, गुडघ्यावर आले, एकेक हाड गोळा करत उभे राहिले. आणि सर्जेरावांकडं पाठ करून थांबले.

पाठ लालभडक झाली होती. मणके आणि माती.

छपरावरनं दव ठिबकत होतं.

सर्जेरावांनी उजवा हात उचलला. पाठीपर्यंत नेला आणि मागं घेतला.

"वस्ताद..." ते म्हणाले, "ह्याच हातानं मी त्याला..."

"व्हय, त्योच. दुसरा कुठनं आनू?"

सर्जेरावांनी हात टेकवला. खांद्यावरनं माती खाली ओढली. मग दुसऱ्या खांद्यावरनं. मग कण्यावरनं, अलगद, तापलेल्या तव्याला हात लावावा तसं भीत भीत. पुसता पुसता ते रडायला लागले. मोठ्या माणसाचं रडणं बघायला मला आवडत नाही, पण नजर काढून घेता आली नाही. तो हात काय करायला शिकला होता आणि काय करून बसला, हे त्या हातालाच आठवत होतं असं मला वाटलं. पाठ स्वच्छ झाली तरी ते पुसतच होते.

"पुरं," वस्ताद म्हणाले. "चामडी काडतोस काय?"

मग दोघं हौद्याबाहेर आले. मी सरांना पाण्याची बादली दिली. त्यांनी हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, कपडे केले, जॅकेट चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. पाणी डोळ्यांचं कुठलं आणि बादलीतलं कुठलं ते आता कळत नव्हतं. जॅकेट घातल्याबरोबर ते पुन्हा सर झाले. थोडे तरी.

"वस्ताद," ते म्हणाले, "मला समजलं."

"काय?"

"चूक माझी. भिंतीवरचं ते वाक्यसुद्धा मी आजच पुसून टाकतो. आता तेवढा जोतिरामला निरोप धाडा."

बघा, म्हणजे फिरून तिथंच आलं. मला तर कपाळावर हात मारून घ्यावा वाटला. चूक कबूल, पण गोठ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं म्हटलं की ते काम वस्तादांनी करायचं.

वस्ताद दाराशी आले. पांढरे डोळे सरांच्या दिशेनं लावले.

"जरा वळ बगू."

सर वळले.

"ऱ्हायलीया," वस्ताद म्हणाले.

"काय?"

"माती. पाठीवर ऱ्हायलीया."

"माझ्या? मी कुठं पडलो, वस्ताद?"

मी उठून बघितलं, अगदी जवळ जाऊन. निळं कापड कोरं होतं. सोनेरी अक्षरं तेवढी, आणि एकाही अक्षराला धूळ नव्हती. मी सरांकडं बघून मान हलवली.

तरी सरांनी जॅकेट काढलं. उलटं धरून झटकलं. काही पडलं नाही. मग त्यांनी हात मागं नेला, खांद्यावरनं. पोचेना. कमरेकडनं नेला. पोचेना. एवढा जिल्ह्याचा नावाजलेला कोच, दारात उभा राहून वाकडातिकडा होत होता, नव्या पोरासारखा.

"तुम्ही पुसा ना वस्ताद," सर म्हणाले.

वस्तादांनी हात उचलला. धुक्यात तो हात थोडा वेळ नुसता अधांतरी राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला.

"न्हाई. माजा हात न्हाई पोचत आता तितवर."

"त्या वेळी पोचला होता."

"तवा तू पडला हुतास."

गवळी आळीकडनं पुन्हा किटल्या वाजल्या. मागोमाग एक म्हैस हंबरली आणि तिला कुणीतरी काहीतरी म्हणालं, समजूत घातल्यासारखं. आवाज ओळखीचा होता. सरांनी मान त्या बाजूला वळवली आणि ती तशीच ठेवली.

हातातलं जॅकेट त्यांनी पुन्हा घातलं नाही. खुंटीला अडकवलं, अक्षरं भिंतीकडं करून. नुसत्या बनियनवर ते दाराबाहेर पडले. गाडी तालमीच्या कट्ट्याला उभी होती. तिच्याकडं न जाता ते गवळी आळीच्या पायवाटेला लागले. दोन पावलं गेले आणि थांबले. मोठा धिप्पाड माणूस, पण पाय पुढं पडेना.

"वस्ताद..."

"आं?"

"त्याच्यापुढं गेल्यावर म्हणू काय?"

वस्तादांनी कठड्यावरचा तांब्या चाचपून घेतला. आत आले. तळपायानं कोरडी जागा शोधली आणि ताक शिंपडायला लागले. मला वाटलं, ऐकलंच नसेल.

"काय बोलू नगंस," ते म्हणाले. "पाठ करून हुबा ऱ्हा."